न येण्याची मुभा

६ नोव्हेंबर २०२३च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मुंबई सिटी आणि सौदी अरेबियाचा अल-हिलाल यांच्यात एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. नाशिकच्या द्वारका चौकातून आम्ही चौघं दुपारीच निघालो होतो. जायचं ठरलं होतं ते नेमारसाठी. ऑगस्टमध्ये स्पर्धेचा ड्रॉ निघाला, मुंबई आणि अल-हिलाल एकाच गटात आले, आणि त्याच्या आठवडाभर आधीच नेमार पॅरिस सोडून अल-हिलालमध्ये गेला होता. नेमार महाराष्ट्रात खेळणार, हे वाक्य आम्ही दोन महिने एकमेकांना ऐकवत होतो. मग १७ ऑक्टोबरला ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला. नेमार आला नाही. आम्ही मात्र गेलो. मुंबई ०-२ अशी हरली. त्याआधी रियाधमध्ये ०-६ अशी हरलीच होती.

परतीच्या वाटेवर, कसारा घाटात, आमच्यातला एक जण म्हणाला, "आज खरं तर दोन शेखांची मॅच होती." तो गमतीत बोलला, पण हिशेब बरोबर होता. नोव्हेंबर २०१९मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुपनं घेतला. या ग्रुपची बहुतांश मालकी अबू धाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्या कंपनीकडे आहे. अल-हिलालचा ७५ टक्के हिस्सा जून २०२३मध्ये सौदीच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीकडे, म्हणजे पीआयएफकडे गेला. त्याचे अध्यक्ष युवराज मोहम्मद बिन सलमान. म्हणजे नेरूळच्या गवतावर एका बाजूला अबू धाबीचा पैसा होता, दुसऱ्या बाजूला रियाधचा, आणि मध्ये आम्ही "मुंबई, मुंबई" म्हणून घसा कोरडा करत होतो.

हे सगळं मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. तरी त्याच वर्षी जुलैमध्ये मी एका इंग्रज खेळाडूला फेसबुकवर चार शब्द सुनावले होते. त्या चार शब्दांची परतफेड म्हणून हा लेख.

तो खेळाडू जॉर्डन हेंडरसन. लिव्हरपूलचा कप्तान. समलिंगी प्रेक्षकांना स्टेडियममध्ये सुरक्षित वाटावं म्हणून इंग्लंडमध्ये जी मोहीम चालते, तिचा तो जाहीर पाठीराखा होता. दंडावर इंद्रधनुष्याची पट्टी बांधून तो खेळला होता. जुलै २०२३मध्ये तो सौदीतल्या दम्मामच्या अल-इत्तिफाक क्लबमध्ये गेला. तिथं समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. क्लबनं त्याच्या स्वागताची जी चित्रफीत काढली, तिच्यात त्याची जुनी दृश्यं काळी-पांढरी करून टाकली होती, त्यामुळे दंडावरची पट्टी राखाडी दिसत होती. मी लिहिलं होतं की माणूस विकला जातो तेव्हा आधी त्याचे रंग जातात. वाक्य लोकांना आवडलं. मलाही आवडलं होतं.

त्याखाली माझ्या चुलतभावानं लिहिलं, "दादा, अण्णा बारा वर्षं तिथंच होते. दम्मामच्या शेजारीच. त्यांना कुणी विचारलं होतं का, कुणाच्या राज्यात चाललात म्हणून?"

मी "ते वेगळं" असं उत्तर टाकून मोकळा झालो. वेगळं म्हणजे काय, ते मात्र मला तेव्हा सांगता आलं नसतं.

अण्णा म्हणजे माझे काका. आयटीआय झालेले फिटर. सातपूरचा कारखाना बंद पडल्यावर १९९४मध्ये मुंबईच्या एका एजंटाकडून जुबैलला गेले. जुबैल हे दम्मामपासून शंभरेक किलोमीटरवरचं पेट्रोकेमिकल कारखान्यांचं शहर. त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि खिशात इकामा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं कार्ड. देशाबाहेर पडायचं तर कफील म्हणजे मालकाच्या संमतीनं एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का हवा. १९९९मध्ये आमची आजी गेली. काठे गल्लीतल्या दुकानातून फोन लावून निरोप दिला. काका सोळाव्या दिवशी आले. तेरावं होऊन गेलं होतं. शिक्का मिळायला इतके दिवस लागले, एवढंच ते बोलले. बॅगेतून टँगचे डबे निघाले, ते आम्ही मुलांनी वाटून घेतले. घराचा वरचा मजला काकांच्या पैशातून झाला, आणि मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरली त्यातही त्यांचा हात होता. तेलाच्या पैशाला नावं ठेवणारी माझी पोस्ट त्याच मजल्यावर बसून लिहिलेली होती.

आखाताशी मराठी माणसाचा संबंध काही फुटबॉलमुळे जडलेला नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांत आणि गोव्यात दर चार घरांआड कुणी ना कुणी कुवेत, दुबई, दोहा, दम्माम केलेलं सापडतं. १९९०मध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा सरकारला लाखाहून जास्त भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. त्यांना कुणी नैतिक प्रश्न विचारला नाही, आणि विचारू नये हेच योग्य होतं. मग हेंडरसनला का विचारायचा? आणि विचारायचा असेल तर नक्की कोणता?

या विषयावर गेली तीन-चार वर्षं जे लिहिलं-बोललं जातं ते दोन टोकांना असतं. पहिलं टोक युरोपातल्या वृत्तपत्रांचं. तिथं स्पोर्ट्सवॉशिंग हा शब्द रूढ झाला, म्हणजे खेळाच्या साबणानं हातावरचे डाग धुणं. डाग खरे आहेत. पत्रकार जमाल खशोग्जींचा खून २०१८मध्ये इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात झाला. सलमा अल-शेहाब या विद्यार्थिनीला ट्विट केल्याबद्दल २०२२मध्ये ३४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली, तरी त्यात तिची वर्षं गेलीच. हे बाजूला ठेवून फुटबॉलवर बोलणं खोटं ठरेल. पण त्या लिखाणात एक सोय असते. पैसा आणि माणूस या दोघांपैकी बोट बहुतेक वेळा माणसाकडे वळतं. पीआयएफनं ऑक्टोबर २०२१मध्ये न्यूकॅसल युनायटेड विकत घेतला तेव्हा व्यवहार इंग्लंडच्या नियमांत बसला आणि शहरातल्या चाहत्यांनी रस्त्यावर नाच केला. तोच पैसा दम्मामला बसून एका खेळाडूला बोलावतो तेव्हा जाणारा लोभी ठरतो. पैसा इंग्लंडला आला तर गुंतवणूक आणि माणूस पैशाकडे गेला तर पाप, ही वाटणी मला पटत नाही.

दुसरं टोक आपल्याकडचं. ढोंगी गोऱ्यांनी आम्हाला शिकवू नये, सगळेच तेलावर चालतात, तुझ्या स्कूटरमध्ये काय पाणी भरतोस? या युक्तिवादात तथ्य आहे, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. सगळेच दोषी म्हटलं की कुणीच दोषी उरत नाही. खुद्द मोहम्मद बिन सलमान यांनी सप्टेंबर २०२३मध्ये एका अमेरिकन वाहिनीला सांगितलं की, या धुण्यानं देशाचं उत्पन्न एक टक्का वाढत असेल तर आपण ते चालूच ठेवू. ज्यांच्यावर आरोप आहे तेच इतकं मोकळेपणी बोलत असताना त्यांची वकिली आपण करण्याचं कारण नाही.

खेळाडूंच्या बाजूनं एक तिसरा मुद्दा येतो, तो मला जास्त प्रामाणिक वाटतो. खेळाडूचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं. गुडघा गेला की संपलं. नेमारचंच पाहा, अल-हिलालकडून तो मोजून सात सामने खेळला. मग मिळतील तितके पैसे मिळतील तिथं का घेऊ नयेत? फिटरच्या बाबतीत हे म्हणणं बिनतोड आहे. कोट्यधीशाच्या बाबतीत ते अर्धंच लागू पडतं. हेंडरसननं स्वतः सप्टेंबर २०२३मध्ये एका मुलाखतीत पैशासाठी गेलो नाही असं सांगितलं. माझ्या मते त्याची खरी अडचण तिथंच आहे. पैशासाठी गेलो म्हणाला असता तर तो काकांच्या ओळीत, बराच पुढे का होईना, पण त्याच ओळीत उभा राहिला असता. नसेल पैसा, तर मग त्यानं जे दिलं ते निव्वळ त्याचं नाव होतं. आणि त्या नावावर आधी दुसऱ्यांनी विश्वास ठेवलेला होता.

काकांनी जुबैलला श्रम विकले. त्यांचं नाव कुणाला नको होतं, कंपनीच्या वहीत ते नीट लिहिलेलंही नव्हतं. नामवंत खेळाडू श्रम विकतोच, वर नावही विकतो. त्याच्या कराराची किंमत धावण्याला असते तशी पोस्टरवरच्या चेहऱ्यालाही असते. इथपर्यंत येऊन मी "ते वेगळं" या उत्तराला काही आधार शोधला होता. तरी तो पुरेसा वाटत नव्हता. कारण शेकडो खेळाडू असे आहेत की त्यांच्या नावाची कुणाला पडलेली नसते. त्यांचं काय?

त्यासाठी नावापेक्षा कागदाकडे पाहायला हवं. फुटबॉलमध्ये खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात असते. ज्याँ-मार्क बॉसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूचा लिएज क्लबशी करार संपला होता, तरी क्लब त्याला बदलीचे पैसे मिळाल्याशिवाय सोडेना. तो कोर्टात गेला. डिसेंबर १९९५मध्ये युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की करार संपल्यावर युरोपीय संघातल्या खेळाडूला फुकट जाता आलं पाहिजे. आज खेळाडू हवे तिथं जातात आणि आपण त्यांना नावं ठेवतो, ते स्वातंत्र्य एका मामुली खेळाडूनं आपली कारकीर्द घालवून मिळवलेलं आहे. त्याआधीची पद्धत आणि आखातातली कफाला पद्धत यांत फार अंतर नव्हतं. दोन्हीकडे मालकाची एनओसी असल्याशिवाय माणूस हलत नसे.

कतारमध्ये तर या दोन्ही पद्धती एकाच माणसाला भोवल्या. झहीर बेलूनिस हा फ्रेंच-अल्जेरियन खेळाडू तिथल्या क्लबकडून खेळायचा. पगार थकला म्हणून त्यानं दावा लावला, तर त्याला देश सोडण्याचा परवाना मिळेना. बायको-मुलींसह तो अडकून पडला, आणि नोव्हेंबर २०१३मध्ये बऱ्याच बोभाट्यानंतर सुटला. फुटबॉलपटू असूनही त्याची गत माझ्या काकांसारखी झाली, कारण त्याचं नाव पुरेसं मोठं नव्हतं. कतारनं पुढे विश्वचषकाच्या दबावाखाली बहुतेक कामगारांसाठी एक्झिट परवाना आणि नोकरी बदलण्याची एनओसी या दोन्ही अटी २०१८ ते २०२० दरम्यान काढल्या. सौदीतही २०२१पासून बऱ्याच कामगारांना मालकाशिवाय एक्झिट-रीएंट्रीचा अर्ज करता येतो. टीकेचा उपयोग होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मात्र ती टीका खेळाडूंच्या चारित्र्यावर खर्च झाली असती तर यातलं काही घडलं नसतं. ती कागदावर नेमकी बोट ठेवत होती म्हणून घडलं.

हे मला लेखांपेक्षा दोन सिनेमांनी नीट दाखवलं. पहिला अॅडम सोबेल यांचा 'द वर्कर्स कप' हा २०१७चा माहितीपट. कतारमध्ये विश्वचषकाची बांधकामं चालू असताना तिथल्या कंपन्यांच्या मजुरांसाठी फुटबॉलची स्पर्धा भरवली गेली. सिनेमा एका कंपनीच्या छावणीतल्या संघामागे फिरतो. नेपाळी, भारतीय, घाना-केनियाची मुलं दिवसा बांधकामावर आणि संध्याकाळी सरावाला. घानाच्या केनेथला एजंटानं सांगितलेलं असतं की तुला फुटबॉल क्लबात घेतलंय. तो पोचतो मजुरांच्या छावणीत. बदली, एजंट, करार, परदेश हे सगळे शब्द त्याच्या वाट्याला आलेले आहेत, फक्त त्यांचे अर्थ उलटे होऊन. सोबेल मजुरांना केविलवाणं करत नाही. ती मुलं खेळताना खरोखर आनंदात असतात, आणि तो आनंद कंपनीच्या जाहिरातीच्या कामी येतोय हेही कॅमेरा लपवत नाही. हा सिनेमा पाहिल्यावर स्पोर्ट्सवॉशिंग हा शब्द मला तोकडा वाटू लागला. त्या शब्दात धुणारा दिसतो, डाग दिसतो आणि बघणारा दिसतो. ज्याच्या घामानं धुतलं जातं तो दिसत नाही.

दुसरा नागराज मंजुळे यांचा 'झुंड', २०२२चा. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला. त्याच्या उत्तरार्धावर लांबल्याची तक्रार अनेकांनी केली. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. सामना जिंकून झाला, आता एवढी कागदपत्रं कशाला? आज मला वाटतं की तो उत्तरार्ध हाच सिनेमा आहे. परदेशातल्या स्पर्धेला जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला ओळखीचा पुरावा हवा, आणि पुरावा नसलेली मोनिका बापासोबत वणवण फिरते. अंकुशवर पोलीस केस आहे म्हणून त्याचं जाणं कोर्टात अडकतं. वस्ती आणि कॉलेज यांच्यामध्ये भिंत आहे, आणि ती पाडण्यापेक्षा ओलांडण्याचा कागद मिळवणं जास्त अवघड आहे. आपल्या सिनेमांत फुटबॉल सहसा गोलापाशी संपतो. मंजुळेंनी तो विमानतळाच्या सुरक्षा-दारापर्यंत नेला. सिनेमात कमी जागा मिळाली ती एका प्रश्नाला: या मुलांना पलीकडे कोण बोलावतंय आणि कशासाठी? तिथं बेघरांचा विश्वचषक आहे म्हणून प्रश्न सोपा राहतो. तोच अंकुश एजंटाच्या हाती लागला तर केनेथ होतो. 'झुंड' जिथं संपतो तिथं 'द वर्कर्स कप' सुरू होतो, असे हे दोन सिनेमे लागोपाठ पाहावेत.

आता पुन्हा मैदानात. २२ ऑक्टोबर २०२५ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाचा सामना अल-नस्रशी झाला. अल-नस्र म्हणजे क्रिस्तियानो रोनाल्डो. गोव्यात तर रोनाल्डो हे घरातलं नाव. तो आला नाही. जखमी नव्हता. बाहेरच्या काही सामन्यांना न जाण्याची सवलत त्याच्या करारातच असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. गोवा १-२ असा हरला, पण ब्रायसन फर्नांडिसचा एक गोल झाला आणि स्टेडियम काही काळ रोनाल्डोला विसरलं.

मी तो सामना घरी मोबाइलवर पाहिला. काका शेजारी बसले होते. फुटबॉल त्यांना फारसा कळत नाही. रोनाल्डो का नाही म्हणून त्यांनी विचारलं. मी करारातल्या सवलतीचं सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, "म्हणजे त्याला न येण्याची मुभा आहे." मग हसले. "आम्हाला येण्याची नव्हती."

चुलतभावाला जे उत्तर मला देता आलं नव्हतं, ते त्याच्या वडिलांनीच दिलं. ज्याला नाही म्हणता येतं, ज्याला मधेच उठून जाता येतं, त्याला प्रश्न विचारावा. जितकी मुभा जास्त, तितका प्रश्न टोकदार असावा. हेंडरसनला सहा महिन्यांत सौदी नकोसं झालं आणि जानेवारी २०२४मध्ये तो अॅम्स्टरडॅमच्या अयॅक्सला गेला. त्याला जाता आलं, म्हणूनच त्याला जाब विचारता येतो. बेलूनिसला विचारता येत नाही. केनेथला आणि काकांना तर नाहीच. त्यांच्या बाबतीत प्रश्न पासपोर्ट ठेवणाऱ्या कपाटाच्या मालकाला विचारायचा.

हीच फूटपट्टी पैशाला लावली तर सगळ्यात टोकदार प्रश्न पैशालाच विचारावा लागतो, कारण त्याच्याइतकी मुभा कुणालाच नाही. मुंबईच्या फुटबॉलला हे नवं नाही. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये कंपनीनं संघच बंद केला. डिसेंबर २०२५मध्ये, भारतीय लीगचं भवितव्यच टांगणीला लागलेलं असताना, सिटी फुटबॉल ग्रुपनंही मुंबई सिटीतला हिस्सा सोडला. सहा वर्षांत दोनदा आयएसएलचा चषक, दोनदा लीग शील्ड, आणि मग एक निवेदन. त्याला कुणी गद्दारी म्हटलं नाही. आपल्या राज्यात हा शब्द हल्ली उठता-बसता वापरला जातो, पण इथं कुणाला तो सुचला नाही. तो व्यावसायिक निर्णय होता म्हणे. खेळाडूचे करार, मैदानाची देखभाल करणाऱ्यांचे पगार आणि आमच्यासारख्यांचे निळे जर्सी मागे राहिले.

यात मी कुठं, हेही सांगायला हवं. नेरूळला मला कुणी जबरदस्तीनं नेलं नव्हतं. अबू धाबीच्या संघाला मी आपला म्हटलं, कारण तो जिंकत होता आणि जर्सीवर मुंबई लिहिलेलं होतं. मला मुभा होती. पुढं सौदीत २०३४चा विश्वचषक आहे, आणि मी तो पाहीन. तिथं स्टेडियम बांधायला जी माणसं जातील त्यांतली काही द्वारकेवरच्या गाड्या पकडून मुंबईला एजंटाकडे जातील. सामने बघताना गोल कुणी केला यासोबत त्यांचे पासपोर्ट कुणाकडे आहेत हे मी विचारत राहीन का, हे मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

हेंडरसनवरची ती पोस्ट मी काढलेली नाही. चुलतभावाच्या प्रश्नाखाली "ते वेगळं" हे माझं उत्तरही तसंच आहे. आता त्याखाली हा लेख चिकटवणार आहे.